रेनच्या क्रेपरीत काय मागवावं: काळ्या गव्हाची गालेत आणि शेजारी ताक

फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी प्रांत आहे आणि रेन हे त्याचं मुख्य शहर. इथे शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी माणसाला तव्यावरून थेट ताटात पडणारं, पोटभरीचं आणि खिशाला झेपणारं जेवण हवं असेल, तर क्रेपरीसारखी दुसरी जागा नाही. क्रेपरी म्हणजे घावन-आंबोळीचं हॉटेल म्हणा. रेनकडे जेवणातल्या घावनाला गालेत म्हणतात आणि गोडाच्या घावनाला क्रेप. पश्चिमेला फिनिस्तेरकडे गेलात की जेवणातल्या पदार्थालाही क्रेपच म्हणतात, तो जास्त पातळ आणि कुरकुरीत असतो आणि पिठात कधी अंडं, दूध किंवा थोडा गहूही असतो. रेनची गालेत जरा जाड, मऊ, मधे लुसलुशीत आणि कडेला जाळीदार. पिठात फक्त तीन गोष्टी: पीठ, पाणी, मीठ. आम्हाला तीच जास्त आवडते, कारण तिच्यात धान्याची चव लपत नाही.

हे पीठ ‘ब्ले न्वार’चं. शब्दशः काळा गहू, पण तो गहू नव्हे आणि गवताच्या कुळातलं धान्यही नव्हे. उत्तर भारतात नवरात्राच्या उपासाला खातात तो कुट्टू हाच. आपल्या आंबट चुक्याच्या कुळातली ही वनस्पती, तिच्या तिकोनी बिया दळून पीठ करतात. ब्रिटनीची हलकी, आम्लधर्मी जमीन गव्हाला मानवत नसे. कुट्टू तिथे शंभरेक दिवसांत हाताशी येई, म्हणून गरिबाच्या घरी रोजचं अन्न हेच झालं. मेनूवर कुठे ‘ब्ले न्वार’ लिहितात, कुठे ‘साराझां’. दोन्ही एकच. ‘फ्रोमां’ लिहिलं असेल तर तो साधा गहू, म्हणजे ती गोड क्रेप.

तव्याजवळची जागा मिळाली तर तीच घ्या. ब्रिटनीतला तवा म्हणजे बिलिग: ओतीव बिडाचा, बिनकाठाचा, साधारण ४० सेंटिमीटर व्यासाचा, २२० अंशांच्या आसपास तापवलेला. कोकणात अर्धा कांदा तेलात बुडवून बिडावर फिरवतात, तिथे कापडाची गादी चरबीत किंवा लोण्यात बुडवून फिरवतात. मग पळीभर पीठ ओतलं जातं आणि रोझेल नावाची टी आकाराची लाकडी दांडी त्यावरून गोल फिरते. घावनाचं पीठ ओतून पसरतं, डोसा वाटीने पसरतो, ही दांडी त्या दोहोंपेक्षा हलकी चालते. मनगट सैल, दांडी जेमतेम टेकलेली. जोर दिला तर पीठ मागे ओढलं जाऊन फाटतं. पीठ लोखंडाला लागताक्षणी चर्र आवाज येऊन सगळीकडे बारीक छिद्रं पडली, तर तवा बरोबर तापला आहे. छिद्रं न पडता पीठ नुसतं पांढरट बसून राहिलं तर तवा थंड आहे आणि ती गालेत चिवट होणार. कडा सुटून किंचित वर आल्या की खालून लाकडी पातं घालून एका झटक्यात उलटतात, वरून खारं लोणी फिरवतात, मधोमध अंडं फोडतात. पांढरा बलक पात्याने पसरवतात, पिवळा जागच्या जागी ठेवतात, किसलेलं चीज भुरभुरवतात आणि चारही बाजू आत दुमडून चौकोन करतात. मधल्या खिडकीतून पिवळा बलक दिसत राहतो.

दुकान पारखायचं असेल तर पहिल्या भेटीत ‘गालेत ओ बर’ मागवा, म्हणजे फक्त लोणी लावलेली. भरपूर सारण असलं की वाईट गालेतही झाकली जाते, लोणी मात्र काही झाकत नाही. कड कुरकुरीत, जाळी सोनेरी-तपकिरी, मधे मऊ आणि चवीला भाजलेल्या कुट्टूचा किंचित कडसर खमंगपणा: एवढं असेल तर पुन्हा जा. सगळी एकसारखी मऊ, ओलसर आणि राखाडी असेल तर ती सकाळी भाजून रचून ठेवलेली आहे आणि नुसती गरम करून दिली आहे. आधी भाजून ठेवणं हा गुन्हा नाही, जेवणाच्या गर्दीत कित्येक जागी तसंच करतात. पण ती पुन्हा तव्यावर लोण्यात खरपूस झाली पाहिजे. मायक्रोवेव्हमधली गालेत रबरासारखी ओढावी लागते. मेनू चार-पाच पानी असेल आणि त्यात पिझ्झा, बर्गरही असतील तर पुढचं दुकान पाहा. पिठाच्या शेजारी ‘ब्ले न्वार द ब्रतान्य’ लिहिलं असेल तर ते पीठ ब्रिटनीतलं आहे. तसं लिहिलं नसेल तर ते बाहेरून आलेलंही असू शकतं.

मागवायची पद्धत सोपी आहे. सगळ्यात चालणारी गालेत म्हणजे ‘कॉम्प्लेत’: हॅम, अंडं, चीज. अंडं कसं हवं ते विचारतात. ‘मिरवार’ म्हणजे पिवळा बलक अख्खा, ‘ब्रुये’ म्हणजे गालेतीवरच फेटून पसरलेलं. मिरवार घ्या: बलक फोडून कुरकुरीत कड त्यात बुडवत बाहेरून आत खात जायचं, मधला ओला घास शेवटी. सुरी-काट्याने खातात. मेनूवर पंचवीस प्रकार असतात, पण मशरूम-क्रीम, पालक-क्रीम अशा ओल्या सारणाच्या गालेती पाच मिनिटांत खालून भिजतात. त्या मागवल्याच तर ताट आल्या आल्या खायला घ्या. चव आणि कुरकुरीतपणा दोन्ही टिकतात ते कोरड्या सारणात: चीज, अंडं, परतलेला कांदा, बकरीच्या दुधाचं चीज आणि मध. ‘शेव्र-म्येल’ नावाची ही शेवटची जोडी अगदी आवर्जून घ्या. चीजचा आंबट-खारटपणा, मधाची गोडी आणि कुट्टूचा कडसरपणा एकमेकांना छान धरून राहतात.

‘आंदुय’ मात्र समजून मागवा. डुकराच्या आतड्यांची ही सॉसेज ब्रिटनीत अभिमानाने खातात, तिच्या कापात झाडाच्या वर्षवलयांसारखी कडी दिसतात. वास उग्र असतो आणि पहिल्यांदा खाणाऱ्याला तो झेपेलच असं नाही.

शाकाहारी मंडळींनी इथे नीट लक्ष द्यावं, कारण मेनूवर ‘वेजेतारियेन’ लिहिलं तरी काम संपत नाही. पहिली अडचण तव्याची. जुन्या पद्धतीने बिलिगला ‘सँदू’ लावतात, ती डुकराची चरबी. बसण्याआधी विचारा: ‘वू ग्रेसे ला प्लाक आव्हेक क्वा?’ म्हणजे तव्याला काय लावता? उत्तरात ‘बर’ आलं तर लोणी, ‘युइल’ आलं तर तेल, ‘सँदू’ आलं तर उठा. शांतपणे विचारलं तर कोणी वाईट वाटून घेत नाही. दुसरी अडचण ‘लार्दों’ची. लीकच्या (कांद्याच्या पातीसारख्या भाजीच्या) किंवा मशरूमच्या सारणात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे नेमाने असतात आणि मेनूवर ते लहान अक्षरात लिहिलेले असतात. ‘सां लार्दों’ म्हणा. कॉम्प्लेत ‘सां जांबों’ मागितली तर हॅम काढून देतात, पण बरेचदा पैसे पूर्ण कॉम्प्लेतचेच लावतात. त्यापेक्षा यादीतली ‘अफ-फ्रोमाज’ मागवा, म्हणजे अंडं-चीज, ती स्वस्त पडते. तिसरी गोष्ट चीजची: फ्रान्समधली बरीच चीजं वासराच्या पोटातल्या विकराने दही लावून करतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी लोणी-कांदा, लोणी-मशरूम असं सांगून बनवून घ्यावं. अंडं न खाणाऱ्यांनी पिठात अंडं नाही ना एवढं विचारावं. रेनकडे बहुधा नसतं, फिनिस्तेरकडे असू शकतं.

ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, न चालणाऱ्यांसाठी कुट्टू जन्मतः ग्लूटेनमुक्त आहे, पण त्यावर विसंबू नका. काही ठिकाणी पीठ नीट सुटावं म्हणून त्यात मूठभर गहू मिसळतात, आणि त्याच तव्यावर, त्याच दांडीने गव्हाची गोड क्रेपही होते. सिलिअ‍ॅकचा, म्हणजे ग्लूटेनने आतडी बिघडण्याचा, त्रास असेल तर वेगळा बिलिग आहे का हे विचारल्याशिवाय बसू नये.

प्यायला बहुतेक जण सफरचंदाचं सिद्र घेतात. ते ‘बोले’ नावाच्या मातीच्या पसरट कपात येतं. ‘दू’ गोड असतं आणि त्यात मद्यार्क ३ टक्क्यांपर्यंत, ‘ब्रुत’ कोरडं आणि साधारण साडेचार-पाच टक्क्यांचं. मद्य नको असेल तर ‘ज्यु द पोम’, म्हणजे सफरचंदाचा रस. पण मराठी माणसाने शोधावं ते ‘ले रिबो’. हे ताक आहे. रिबो हा शब्दच लोणी घुसळायच्या रवीशी नातं सांगतो. आज दुकानात मिळणारं बहुतेक ले रिबो साय काढलेलं दूध आंबवून करतात, त्यामुळे ते आपल्या पातळ ताकापेक्षा दाट, मठ्ठ्याच्या अंगाचं आणि स्वच्छ आंबट असतं. मीठ घातलेलं नसतं. गरम, लोणकट गालेतीबरोबर थंड ले रिबोचा घोट म्हणजे ब्रिटनीतल्या शेतकऱ्याचं जुनं जेवण. सगळ्या क्रेपरीत ते मिळत नाही, विशेषतः पर्यटकांच्या गल्लीत नाही. ज्या क्रेपरीच्या यादीत ते आहे, तिथली गालेतही बहुतेक वेळा चांगली निघते, हा आमचा ठोकताळा. सुपरमार्केटात दुधाच्या फडताळात त्याची लिटरची बाटली किंवा पुडा असतो. घरी मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून पिता येतं. कढी करायची तर ले रिबो थंड असतानाच त्यात बेसन फेटून घ्या आणि मंद आचेवर सतत ढवळा. ते पटकन फाटतं.

पाण्यासाठी बाटली मागवू नका. ‘युन कराफ दो’ म्हटलं की नळाच्या पाण्याचा जग फुकट येतो. बिलात सेवेचे पैसे धरलेले असतात, वर काही ठेवलं तर तुमची इच्छा.

किमतीचा अंदाज असा: साधी लोण्याची गालेत ४-५ युरोंच्या घरात, कॉम्प्लेत ९ ते १२, गोड क्रेप ४ ते ७, बोलेभर सिद्र ३-४. दुपारी ‘फोर्म्युल’ असते, त्यात गालेत, क्रेप आणि पेय एकत्र स्वस्तात पडतं. भूक साधी असेल तर एक कॉम्प्लेत आणि एक साखर-लोण्याची क्रेप पुरे. दोन भरगच्च गालेती कोणाला सहसा संपत नाहीत. जेवणाच्या वेळा कडक: दुपारी १२ ते २, संध्याकाळी ७ ते साडेनऊच्या आसपास. साडेतीनला भुकेने दार ठोठावलंत तर बहुतेक जागी तवा विझलेला असतो. ‘सेर्व्हिस काँतिन्यु’ अशी पाटी असेल तरच मधल्या वेळात मिळतं. २ फेब्रुवारीला शांदलरचा सण, त्या दिवशी सगळा देश क्रेप खातो. आधी जागा राखून ठेवल्याशिवाय जाऊ नका.

गोडात दोनच गोष्टी. ‘बर-स्युक्र’, म्हणजे खारं लोणी आणि साखर, आणि ‘कारामेल बर साले’, खाऱ्या लोण्याचं कारामेल. दुसरं ब्रिटनीची ओळखच बनलंय. किबरों गावच्या आंरी ल रू या मिठाईवाल्याने १९७७ मध्ये खाऱ्या लोण्याच्या कारामेलची गोळी काढली आणि ती चव पुढे सगळीकडे गेली. लोण्याच्या वडीवर ‘दमी-सेल’ लिहिलेलं असतं, म्हणजे हलकं खारं. चॉकलेट-केळं-आइस्क्रीमच्या डोंगरात मूळ क्रेपची चव उरत नाही.

रेनमध्ये क्रेपरी शोधायला र्यु सँ-जॉर्ज ही जुन्या लाकडी चौकटींच्या घरांची गल्ली आणि प्लास सँत-आनचा परिसर बरा. गर्दी असते, म्हणून वरच्या कसोट्या लावून दुकान निवडा. पॅरिसमध्ये असाल तर र्यु द्यु माँपार्नासला जा. ब्रिटनीकडची रेल्वे माँपार्नास स्थानकात येते, म्हणून गावाकडून आलेल्यांनी त्याच भागात क्रेपरी थाटल्या, आणि आजही तिथे एकाला लागून एक आहेत.

आणि शनिवारी सकाळी मार्शे दे लीस. प्लास दे लीसवरचा हा बाजार १६२२ पासून भरतो आणि फ्रान्समधल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक आहे. मेट्रोने सँत-आन स्थानकाला उतरलात की दोन-चार मिनिटांत पोचता. इथला खास पदार्थ गालेत-सोसिस: भाजलेली डुकराची गरम सॉसेज थंड गालेतीत गुंडाळून कागदात हातात देतात. गालेत थंड का, तर गरम गालेत पटकन ओली होऊन फाटते. थंड गालेत चरबी शोषत हातात टिकते आणि बोटंही भाजत नाहीत. जुने रेनकर त्यावर मोहरीचा सॉसही लावू देत नाहीत. रोआझॉन पार्क मैदानावर फुटबॉलच्या सामन्याला हीच मिळते. डुक्कर न खाणाऱ्यांसाठी यात काही नाही, पण त्याच गाड्यांवर नुसत्या गालेती अर्ध्या डझनाने आणि डझनाने विकतात, आणि परदेशी लहान खोलीत राहणाऱ्यासाठी ही सगळ्यात उपयोगाची खरेदी आहे. सुटे पैसे जवळ ठेवा. दुपारी एकच्या सुमारास दुकानदार आवरायला लागले की भाजी उतरत्या भावाने मिळते, गालेती मात्र तोवर संपलेल्या असतात. त्या आधी घ्या.

ऊन ऊन गालेती प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका. वाफेचं पाणी होऊन त्या एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना फाटतात. घरी आल्यावर पसरून निवू द्या, मग कापडात किंवा कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस राहतात. फ्रीजरमध्ये ठेवताना दोन गालेतींमध्ये कागद घाला. गरम करताना जाड पॅन मध्यम आचेवर तापवा, त्यात १० ग्रॅम खारं लोणी फेसाळू द्या, गालेत पसरा. अंडं करायचं असेल तर इथे बहुतेकांची चूक होते: अंडं सरळ ओतलं की खालची गालेत करपते आणि वरचा पांढरा बलक कच्चाच राहतो. पिवळा बलक वाटीत बाजूला ठेवा, पांढरा गालेतीवर चमच्याने पातळ पसरवा, चीज किसा, झाकण ठेवून मिनिटभर थांबा. मग पिवळा मधे सोडा आणि कडा दुमडा. चीजवर हिरवी मिरची आणि कोथिंबीर चिरून घातली तर ब्रिटनीचा माणूसही तक्रार करणार नाही.

पीठ स्वतः करायचं तर २५० ग्रॅम ब्ले न्वारच्या पिठाला ५०० ते ५५० मिली पाणी आणि चमचाभर जाडं मीठ. आधी निम्मंच पाणी घाला आणि लाकडी चमच्याने पाच-सात मिनिटं जोरात फेटा. ग्लूटेन नसल्यामुळे पिठाला चिकटपणा या फेटण्याने आणि मुरण्यानेच येतो. पीठ चमच्यावरून रिबिनीसारखं सलग पडलं की उरलेलं पाणी घाला आणि कमीत कमी दोन तास, जमल्यास रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पाणी तरंगलेलं दिसेल, हलवून घ्या. दाट वाटलं तर घोटभर पाणी वाढवा, घावनाच्या पिठाइतकं पातळ हवं. २८ सेंटिमीटरच्या पॅनमध्ये सात-आठ होतात. विजेच्या शेगडीवर पॅन पाच मिनिटं तरी तापू द्या, कारण पहिली गालेत चिकटते ती जवळजवळ नेहमी घाईमुळे. पसरायला दांडी नसेल तर पॅन हातात धरून गोल फिरवा. फाटत असेल तर पीठ मुरलेलं नाही किंवा आच जास्त आहे. उलटायची घाई नको, कड आपण होऊन सुटेपर्यंत थांबा. पिठाचा उघडा पुडा फ्रिजमध्ये ठेवा. कुट्टूच्या पिठातलं तेल लवकर खवट होतं आणि कडूपणा शिजवूनही जात नाही.

उरलेल्या गालेती कडक झाल्या तरी टाकू नका. कात्रीने बोटभर रुंद पट्ट्या कापून लोण्यात खरपूस परता आणि सुपावर घाला. किंवा ब्रिटनीत पूर्वापार करतात तसं करा: खोल वाडग्यात थंड ले रिबो ओता, गरम गालेतीचे तुकडे त्यात बुडवा आणि मऊ व्हायच्या आत चमच्याने खा. ज्याने ताकात भाकरी कुस्करून खाल्ली आहे त्याला ती चव समजावून सांगावी लागणार नाही. मीठ मात्र वरून घालायला विसरू नका.